काकांचं जवळचं नातं

"कान दाखवा, बाई. तोंडाचं मागनं बघू."

पडद्याआडून हे वाक्य ऐकू आलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर माझा नंबर यायची वाट बघत होते. आत पासबुकाच्या फोटोसाठी बसलेल्या बाईंनी पदर कानामागं घेतला असावा, कारण लगेच पुढचा प्रश्न आला. "कुठल्या तुम्ही?" ढोकीच्या. "आणि माहेर?" तेर. "तेरला नदीकडच्या आळीत एक उंच मास्तर होते, बोलताना अडखळायचे. ते कोण तुमचे?" बाई म्हणाल्या, चुलते. मग कॅमेरा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे तुम्ही माझ्या मावससासूच्या जावेची भाची. तरीच म्हणलं, ही कानाची पाळी आपल्यातली दिसतीय." बाईंची एसटी तोपर्यंत निघून गेली असणार. फोटोत त्यांचा चेहरा हे नातं अजून मनात जुळवत असल्यासारखा आला होता.

धाराशिवच्या बसस्टँडवर उतरलेला कोणताही माणूस स्टुडिओवाल्या काकांचा नातेवाईक नाही, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि मी चालायला लागले तेव्हापासून त्यांना बघते आहे. लग्नाची ऑर्डर घेतली की ते वधूवरांपेक्षा वऱ्हाडाचे फोटो जास्त काढतात, आणि अल्बम द्यायला गेले की कोण कुणासारखं दिसतं यावर दोन्ही घरांत भांडणं लावून येतात. एकदा चौकात पोलिसानं त्यांची गाडी अडवली. काकांनी हेल्मेटबद्दल चकार शब्द न काढता त्याच्या आजोळाची चौकशी केली. पोलिसानं पावती फाडलीच, पण पुढच्या महिन्यात घरच्या बारशाला बोलावलं. काका गेले, आणि पाळण्यातल्या बाळाचेही कान बघून आले.

काकू या सगळ्याला कंटाळलेल्या होत्या, म्हणजे वरून तरी. त्या काकांच्या सख्ख्या मामाची मुलगी. काकांची आईसुद्धा नवऱ्याच्या मामाची मुलगी होती, आणि त्याआधीच्या पिढीतही हेच. सास्तूर आणि ढोकी इथल्या दोन घरांनी एकमेकांत मुली देण्याघेण्याचं हे काम इतकं चोख केलं होतं की तिसऱ्या घराला शिरकावच नव्हता. "साऱ्या जिल्ह्यात नातं हुडकत फिरत्यात," काकू म्हणायच्या, "आणि बायको हुडकायला उंबऱ्याभायेर गेले न्हाईत."

माझ्याशी काका बोलायचे ते बहुतेक एकट्यानंच. मी इंग्रजी शाळेतली, त्यात कमी बोलणारी. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा दोन्हीकडं मी उत्तरं मनातच तयार करून ठेवायची आणि तिथंच राहू द्यायची. "तुझं तोंड काय फोटोपुरतंच हाय का, बाळ?" असं विचारून ते माझ्या हातात खारे शेंगदाणे ठेवायचे. पण इंग्रजीत काही आलं, की माझ्या नावानं जिन्यातून हाक यायची.

दोन वर्षांपूर्वी अशीच हाक आली. खाली गेले तर टेबलावर एक छोटा खोका होता. लाळ पाठवली की कंपनी तुमचं कूळ सांगते, असं काकांनी मोबाईलवर पाहिलं होतं. मी सूचना वाचून दाखवल्या. अर्धा तास आधी खायचं-प्यायचं नाही, हे ऐकून त्यांनी गालातली सुपारी थुंकली आणि घड्याळासमोर बसून राहिले. खोका गेला आणि महिन्याभरानं नमुना बाद झाल्याचा मेल आला, त्यात दोन माणसं मिसळली आहेत म्हणून. काकांनी जराही न लाजता सांगितलं की नळी भरंना, म्हणून उरलेली काकूंकडून भरून घेतली. "एकाच घरातलं रक्त हाय की. उलट जोर वाढंल म्हणलं."

दुसऱ्या खोक्यात मात्र एकट्या काकांची लाळ गेली. निकालात कंपनीनं त्यांना बहुतांश दक्षिण भारतीय आणि थोडं इराणी ठरवलं. काका चार दिवस इराणी ऐटीत वावरले. काही महिन्यांनी पुन्हा मेल आला. आमचा अंदाज आता सुधारला आहे, असं म्हणून कंपनीनं इराण काढून घेतलं होतं. "इराण गेलं तर जाऊ द्या," काकू म्हणाल्या, "येताना दळण आणा." मी हसले. काका हसले नाहीत. त्यांना इराणशी काही देणंघेणं नव्हतंच. ते खालच्या यादीकडं बोट दाखवत होते. "इथं नातेवाईक म्हणून लिहिलंय ना? त्यात रोज बघत जा तू."

कशासाठी, ते मला त्या साईटवर त्यांची माहिती भरताना कळलं. कुणाला शोधता आहात, असा प्रश्न होता. काका सांगत गेले आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते सास्तूरला शाळकरी पोर होते. विसर्जन आटोपून मित्रांबरोबर देवळाच्या मोकळ्या आवारात झोपले, म्हणून वाचले. दगडमातीच्या घराखाली आईवडील गेले. धाकटी बहीण, मंगू, नुकती चालायला लागलेली, ती जिवंत निघाली. कपाळ फुटलं होतं, पण रडत होती. जखमींना घेऊन एक जीप निघाली होती. त्यात बसलेल्या एका अनोळखी बाईच्या मांडीवर काकांनी स्वतः तिला ठेवलं. जीपमध्ये आणखी एक माणूस मावला नसता. पुढं उमरगा झालं, सोलापूर झालं, मामानं सगळे दवाखाने पालथे घातले. मंगू मेलेल्यांत सापडली नाही आणि जगलेल्यांतही नाही.

"त्या बाईला मी एवढंसुद्धा इचारलं न्हाय," काका म्हणाले, "की कुठल्या तुम्ही."

मी टाईप करायची थांबले. जिना चढताना मला वाटलं, इतकी वर्षं आपण खालून येणारे आवाज ऐकले, पण एकदाही नीट ऐकले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात यादीत वर एक नाव आलं. हॉलंडमध्ये राहणारी बाई, सोलापूरच्या अनाथाश्रमातून दत्तक गेलेली. कंपनीनं पुढं लिहिलं होतं, जवळचं नातं: आत्या, भाची, सावत्र बहीण यांपैकी काहीतरी. काकांनी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं. मी वर येऊन वाचत बसले. सख्खी बहीण असती तर कंपनीनं ती बहुधा सख्खीच दाखवली असती, कारण तिथं आकडा कितीतरी मोठा येतो. शिवाय ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं होतात, तिथं लांबचं माणूसही या यंत्राला जवळचं वाटतं. म्हणजे एखादी चुलत-मावस बहीण सावत्र बहीण म्हणून वर येऊ शकते. दुसऱ्या दिवशी मी हे काकांना माझ्या मानानं बरंच मोठ्यानं सांगितलं.

"परदेशात ऱ्हाऊन रक्त जरा पातळ झालं आसंल," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "कंपनी सांगतीय ना जवळचं म्हणून."

मेल लिहायचं काम माझंच. तिचं उत्तर लगेच आलं, की लिहीत बसण्यापेक्षा समोरासमोर बोलू. रविवारी दुपारचा व्हिडिओ कॉल ठरला. काकूंनी लग्नातली रेशमी साडी काढली. काकांनी दाढी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या स्टुलावर, निळ्या पडद्यासमोर, गिऱ्हाईक बसतं तिथं बसले. मोबाईल कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावला. बाजूला मी.

बाई दिसली. सावळी, शांत, डोळ्यांना चष्मा, केस पुष्कळ पांढरे. मंगू आज एवढ्या वयाची नसती, हे मला दिसलं. काकूंनाही दिसलं असावं, कारण त्यांनी माझा हात धरला. काका हळूच म्हणाले, "थंड मुलखात केस लवकर पिकत्यात." मग त्यांनी हात जोडले. तिनंही जोडले, जरा चुकीचे, बोटं एकमेकांत अडकवून.

ती इंग्रजीत बोलत होती, सावकाश, मला कळावं म्हणून. तुमचं पत्र आल्यापासून मला झोप नाही, म्हणाली. मी लिहून कळवू शकले असते, पण हे लिहून कळवण्यासारखं नाही. मी ती मुलगी नाही. भूकंप झाला तेव्हा मी इथंच, हॉलंडमध्ये, शाळेत शिकत होते. तिकडच्या गावांसाठी शाळेनं कपडे गोळा केले, तेव्हा मी माझा लाल स्वेटर दिला, कारण मी तिकडची आहे असं मला आईनं सांगितलं होतं. त्यापलीकडं मला काही माहीत नाही. मला जन्म कुणी दिला, मला तिथं का सोडलं, काहीच नाही. तुमच्याशी माझं रक्त जुळतं, एवढंच हे यंत्र सांगतं. तुमच्या घरात अशी कुणी बाई होती का, जिनं मुलगी सोडून दिली? एवढं बोलून तिनं चष्मा काढला.

स्टुडिओत आम्ही तिघंच होतो, आणि इंग्रजी येणारी मी एकटी. काकांच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू तसंच होतं, फोटो निघेपर्यंत धरून ठेवावं तसं. ते मोबाईलकडं बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांना खरं वाटलं असतं. दोन-चार महिने, कदाचित वर्षभर, या गाळ्यात मंगू राहिली असती.

"काय म्हणली, बाळ?"

पलीकडं ती वाट बघत होती. ती तर माझ्या वयाच्या तिप्पट काळ वाट बघत आली होती. काकूंनी माझा हात अजून सोडला नव्हता. माझा आवाज मला नेहमी असतो त्यापेक्षा मोठा ऐकू आला.

"ती मंगू नाही, काका. पण ती आपल्यातली आहे, आणि ती कुणाची, हे तिला तुम्हाला विचारायचं आहे."