खूण नसलेली चार रिळं

बिरादार सरांनी ब्लेड टेपवर टेकवलं आणि मला हातानेच थांबायला सांगितलं. तुकडा कापून जोडला, मग विचारलं, "नवीन मॅडम का? बसा. काय ऐकू येतं सांगा." लातूरच्या महाविद्यालयात तात्पुरती अधिव्याख्याता म्हणून माझा तो पहिला दिवस. यंत्रातून 'आई' आलं. त्यातला 'आ' आणि 'ई' सरांनी कापून टाकला होता. उरली होती फक्त मधली घसरण.

एका स्वरातून दुसऱ्यात जाणारा आवाज कानाला कसा कळतो, हेच सरांचं पीएच.डी.चं संशोधन. दुष्काळात ते बॅटरीवरचं यंत्र घेऊन देवणीकडे खडी फोडण्याच्या कामावर जात आणि जेवणाच्या सुट्टीत बायांना तुकडे ऐकवत. चेहऱ्यावरून कुणी उत्तर ओळखू नये म्हणून पाठ करून बसत. रिळांवरही कसली खूण करत नसत. कोणतं रीळ कशाचं, ते फक्त त्यांच्या वहीत.

एकदा त्यांनी मधली घसरण काढून 'आ'ला थेट 'ई' जोडला. गयाबाई नावाच्या मजूर बाई म्हणाल्या, "ह्यो एक माणूस न्हाई, सर. दोघं बोलायलेत."

"कशावरून?"

"एकाचं त्वांड मिटलं, मग दुसऱ्याचं उघडलं. आन तुमी पाठ करून का बसता? आमी काय खायलोत का तुमाला?"

सर पाठमोरेच हसले. ते हसूही टेपवर आलं होतं.

पाऊस झाला, कामं बंद पडली, बाया पांगल्या. पुढे लातूर जिल्हा झाला. समारंभाची भाषणं टेप करायला महाविद्यालयाच्या कार्यालयाने कोरी रिळं मागितली. सर नांदेडला गेले होते, कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. भरलेली रिळं सर वेगळ्या कप्प्यात ठेवत असतील, असं मी धरून चालले. खूण नसलेली चार रिळं देऊन टाकली.

सर परतले. एकेक रीळ लावून शेवटपर्यंत ऐकलं. चारही रिळांवर भाषणं होती, टाळ्या होत्या.

"सर, मी दिली. वही तर आहे ना?"

"वहीत उत्तरं आहेत, मॅडम. माणसं नाहीत."

विद्यापीठाला प्रबंधासोबत रिळं हवी होती. प्राचार्यांनी जबाबदार व्यक्तीचं नाव लेखी मागितलं. माझं नाव दिलं असतं तर सरांना मुदतवाढ मिळाली असती आणि माझी नोकरी गेली असती.

सरांनी पुन्हा टेप कापली नाही. आज पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' नाही, त्याचं कारण मी आहे. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. समोरच्याच्या ओठांकडे पाहत बसतात. या लेखाने काही भरून निघणार नाही. सरांना पुढची वर्षं तब्येतीची मिळावीत असं मागते, पण ते मागायचा मला काय हक्क, तेही कळत नाही.

रिळं ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी प्राचार्यांना लिहून दिलं, की रिळं त्यांनी स्वतःच दिली होती. मग ते पहिल्या तासाला वर्गावर गेले.