बमरोलीची चुना मारलेली भिंत

उधना स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. सुरत बघायला मी आले नव्हते. धुळ्याहून मागून आणलेला कॅमेरा, एक रोल आणि एकच काम: बमरोलीतल्या एका चाळीची फाटलेली भिंत.

खाली सहा खोल्या, वर खातं (यंत्रमागांचा कारखाना). वर माग धडधडतात आणि खाली आपल्या खान्देशातली बौद्ध कुटुंबं राहतात. दक्षिणेच्या भिंतीला छपरापासून दाराच्या चौकटीपर्यंत बोट जाईल एवढी भेग. मालक म्हणतो, भेग नाहीच. पालिकेचा अधिकारी म्हणतो, सोमवारपर्यंत फोटो आणा, नाहीतर तक्रार बंद. म्हणजे पावसाळाही त्याच भिंतीखाली. खुर्चीवरून उठून बघून येणं त्याला जमत नाही.

रिक्षावाल्याने अलीकडे पांडेसऱ्यालाच उतरवलं. पुढे रंगीत पाण्याच्या गटाराकडेने चालत चाळीपाशी पोचले आणि थबकले.

भिंत पांढरी शुभ्र. ओल्या चुन्याचा वास येत होता. भेग कुठेच नव्हती.

"जय भीम. ये, बैस," कमलमावशी म्हणाल्या. मी लिहिलेल्या तक्रारीवर पहिला अंगठा त्यांचाच.

"मावशी, भेग कुठे गेली?"

"सिमेंट भरलं ना काल. आम्ही चौघींनी. वरून चुना."

"अहो, पण मी भेगेचाच फोटो काढायला आले!"

"घरना फोटो निघी, अन् भित काळी ठेवसूत का?" (घराचा फोटो निघणार आणि भिंत काळी ठेवू का?) "गावाकडे कोणी पाहिलं तर काय म्हणतील?"

मी नको ते बोलले. पुरावा, कायदा, मूर्खपणा. शेवटचा शब्द मी संघटनेच्या पत्रकातही कधी वापरत नाही. मावशींनी मग कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. "खा. रिकाम्या पोटी भांडू नये."

खाताना पेल्यातलं पाणी थरथरत होतं. वर माग चालूच होते. भिंत थरथरत होती. मला एकदम सुचलं: मग ते सिमेंट किती टिकणार?

दुपारभर भिंतीसमोर बसून राहिले. डोक्यावरच्या उन्हात काहीच दिसेना, सगळं सपाट पांढरं. ऊन तिरपं व्हायला हवं होतं. सूर्य पश्चिमेला कलला तेवढ्यात वरून सुपरवायझर उतरला.

"बेन, शेनो फोटो पाडो छो?" (ताई, कसला फोटो काढताय?)

कॅमेरा हिसकावला तर सगळं संपलं. मावशीच पुढे झाल्या. "भिंतीचा. आम्ही रंगवली, बघा ना भाई."

त्याने भिंत न्याहाळली आणि तो हसला. "सरस. आनो पाडो." (छान. हिचाच काढा.) "शेठला पण एक कॉपी द्या. चाळ बघा कशी ठेवलीय." आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभाच राहिला.

ऊन भिंतीला घासून सरकत आलं. त्याच्या डाव्या खांद्याशेजारी भिंतीवर केसाएवढी काळी रेघ उमटली. ती वर छपराकडे चढत गेली, खाली चौकटीपर्यंत उतरली. मावशींनाही दिसली. त्यांनी तोंडावर पदर धरला.

"भाई, हलू नका," मी म्हटलं आणि सहा फोटो काढले.

रविवारी फोटो धुवून घेतले, सोमवारी अधिकाऱ्यापुढे ठेवले. "रंग कधीचा?" त्याने विचारलं. "फोटोच्या आदल्या दिवशीचा," मी म्हटलं. "आणि हा माणूस मालकाचा." त्याने तक्रार उघडी ठेवली, खोल्या रिकाम्या करून लोकांची दुसरीकडे सोय करण्याचा शेरा मारला.

धुळ्याच्या गाडीत बसल्यावर लाज वाटली ती 'मूर्खपणा' या एका शब्दाची. जुनी भेग मालकाने जुनी म्हणून उडवून लावली असती. एका दिवसात फुटलेला चुना त्याला कसा उडवता येणार? तो पुरावा माझ्या कॅमेऱ्याच्या आधी त्या चौघींच्या हातांनी तयार केला होता.

शेरा मारून महिना झाला. खोल्या बदललेल्या नाहीत. मी घरी बसून हे लिहितेय, आणि कमलमावशी त्याच भिंतीला पाठ लावून भाकरी थापताहेत.