चित्रात न दिसलेली कुसुम

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं. गोळी आत कुठं काम करते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. कुसुमनं स्वतःच या तपासणीला होकार दिला होता.

"हा भाग बघा, आजी. गोळी इथं काम करतेय. म्हणून तिला आता ते भासाचे आवाज ऐकू येत नाहीत."

खरं आहे. कुसुम आता भिंतीशी भांडत नाही, अन्नात विष आहे म्हणून ताट भिरकावत नाही. ते दिवस मला परत नकोतच. पण तिची जीभ हवी आहे. माझ्या भाकरीला ती गोवरी म्हणायची, माझ्या नवऱ्यासमोरच त्याची नक्कल करायची. आता वाढलेलं जेवते आणि गप्प बसते.

"बाई, हिचा वात्रटपणा यात कुठं असतो?"

"ते या चित्रात नाही कळत, आजी."

बाई खरं बोलल्या, एवढं बरं वाटलं.

तपासणीच्या यंत्रात जाण्याआधी कुसुमच्या केसांतले लोखंडी आकडे काढायला लावले होते, त्यामुळं केस सुटले होते. बाहेर बाकावर बसवून मी तिची वेणी घातली. लहानपणी जरा ओढली, की "मेले, हळू!" म्हणून कोपर मारायची. मी मुद्दाम ओढली. ती हललीसुद्धा नाही. मग मी आणखी जोरात ओढली आणि कोपराची वाट बघत राहिले.