उंच उचललेलं शेणखत

उतारावर ट्रॅक्टर वळवताना मी पुढे जोडलेल्या लोडरची शेणखताने भरलेली बकेट रुबाबात डोक्याच्याही वर उचलली, आणि मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं. त्याच्याखालून पलीकडचं गवत दिसू लागलं. उतरावं तर ट्रॅक्टर अंगावर येणार, बसून राहावं तर त्याच्यासकट कलंडणार.

बांधावरून बायको ओरडली, "अहो, आभाळाला नैवेद्य दाखवताय का? खाली घ्या ते, हळू!"

"तू जवळ येऊ नकोस!"

"मी कशाला येते? शहाणी आहे मी."

घरात आवाज चढवल्यावरही मी असाच वर अडकून बसतो. खाली कसं यायचं ते सुचत नाही.

लिव्हर अगदी जरासा ढकलला. बकेट हळूहळू जमिनीशी आली, चाक टेकलं. तेव्हा कुठे ती शहाणी बांधावर मटकन खाली बसली.