दाखल्यावरची सही आणि आगटेसाहेब

साहेबांना मी प्रथम पाहिलं ते मालवणच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते आणि मी दवाखान्यात ड्रेसर म्हणून नुकताच चिकटलो होतो. घाटावरून एस्.टी.नं आलेला एक सडपातळ तरुण पत्र्याची ट्रंक खाली ठेवून म्हणाला, "मी आगटे. नवा डॉक्टर. इथे डुकरं कोण पाळतं?" ना माझं नाव विचारलं, ना प्यायला पाणी मागितलं. मला हसू आवरेना. सकाळच्या पारी त्या जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही अशी आमच्या घरची शिस्त. समोरच्या पानवाल्यानं तर तिथल्या तिथे साहेबांचं बारसं उरकून टाकलं, 'डुकरांचो डॉक्टर'. बदली होईपर्यंत ते नाव त्यांना चिकटून राहिलं. ते रुळवण्यात मीही कमी पडलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

डॉ. नरहरराव आगटे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीनं मला पत्र पाठवलं, त्याबद्दल आभारी आहे. पत्र गोड होतं. फक्त शेवटी एक ओळ होती : 'खाडीपलीकडच्या त्या प्रकरणाचा उल्लेख कृपया टाळावा, साहेबांना वाईट वाटेल.' अहो, चाळीसहून जास्त वर्षं झाली, हा जिल्हा साहेबांविषयी बोलताना 'तेवढी एक चूक सोडली तर' असं म्हणत आलाय. ती चूक सोडायची नाहीच मुळी. ती कुणाची होती, ते लिहिण्यासाठीच मी कागद पुढे ओढलाय. समितीला छापायचं नसेल तर तिनं आधीच दुसरा लेखक बघावा.

साहेब आले तेव्हा दक्षिणेकडून डुकरांच्या तापाची साथ वर सरकत होती. जनावर खाणं सोडतं, कान नि पोट लालनिळं होतं, मागचे पाय लटपटतात आणि आठवडाभरात खेळ खलास. औषध नाही. मग सरकारच्या हातात उरतं काय? हुकूम. रोग दिसेल ती वाडी बाधित क्षेत्र ठरवायची, आजारी जनावर मारून चुना टाकून पुरायचं, आणि निरोगी जनावरसुद्धा तपासणीच्या दाखल्याशिवाय वाडीबाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्या भागात डुकरं पाळणारी घरं मुख्यतः खाडीकाठच्या किरिस्तांववाडीत. त्यांत कितीतरी विधवा बाया. घरवाला बोटीवर गेलेला तो परत न आलेला, आणि आधार म्हणून परसात दोन-तीन जनावरं.

हुकमाचा कागद आला तो असल्या मराठीत की वाचून दाखवणाऱ्या पोलिस पाटलालाच धाप लागावी. 'बाधित क्षेत्रातून वराहांची हालचाल निषिद्ध.' वाडीतल्या म्हाताऱ्या मान्येलनं मला बाजूला घेऊन विचारलं, "झिला, ह्यां कोणासाठी? आमका काय करूचा आसा?" साहेबांनी तो प्रश्न ऐकला. त्याच दिवशी ते रोजामावशीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तिच्याकडून एकेक वाक्य मालवणीत करून घेतलं. रोजामावशी म्हणजे वाडीतली विधवा, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभं राहून साहेबांनी ते पाठ म्हटलं. उच्चार सगळे घाटी. बाया पदराआड हसल्या, पण हुकूम सगळ्यांना कळला. हाताखालच्या माणसाला पाठवून काम उरकणारे अधिकारी मी पुढे पुष्कळ पाहिले. दारात उभं राहून हसं करून घेणारा हा एकच.

पण त्याची किंमत बघा. साहेब ज्या घरी भाड्यानं राहत, तिथे पंधरा दिवसांत सांगण्यात आलं की विहिरीला हात लावू नका, पाणी आम्ही काढून देऊ. महिन्याभरात खोलीच सोडायला लावली. खानावळवाल्यानं त्यांचं पान बाहेरच्या पडवीत मांडायला सुरुवात केली. साहेब तांदूळ आणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेज शिजवू लागले. मी रोज संध्याकाळी सायकल काढून घरी जायचो, तेव्हा ते स्टोव्हपाशी पाठमोरे बसलेले दिसायचे. 'येतो साहेब' म्हटलं की मान हलवायचे. 'चला आमच्याकडे' असं मी एकदाही म्हटलं नाही. आईला काय सांगणार होतो?

सबंध तालुक्यात त्यांना आत बोलावून काळी कॉफी देणारं घर एकच, रोजामावशीचं. "बस रे डॉक्टरा, तुझी आवस हंय असती तर तुका उपाशी ठेवल्यान असतां?" असं ती खेकसायची आणि पुढ्यात उकडलेल्या कणग्याचे कंद सरकवायची. साहेब तिथे हसत. दुसरीकडे कुठे हसलेले मला आठवत नाहीत.

आता ते प्रकरण.

वाडीच्या वरच्या टोकाला रोग निघाला. साहेबांनी आजारी जनावरं पोलिसाकरवी मारवली. प्रत्येक वेळी स्वतः शेवटपर्यंत उभे राहिले, खड्ड्यात चुनाही स्वतः टाकला. मग काही आठवडे शांतता होती. तेवढ्यात रोजामावशी दाखला मागायला आली. खाडीपलीकडे तिच्या बहिणीच्या मुलीचं लगीन, आणि मावशीनं आपली एकुलती डुकरीण लग्नासाठी द्यायचं कबूल केलेलं. साहेबांना त्या दिवशी दुसऱ्या गावी बैलांसाठी जायचं होतं. त्यांनी माझी पिशवी भरून दिली आणि बजावलं, "गोविंद, आत जायचं. कान बघायचे, पोट बघायचं, थर्मामीटर लावायचा. बाकी काही दिसायच्या आधी ताप चढतो, लक्षात ठेव."

मी गेलो. आणि परसाच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, बाहेर उभा राहिलो.

कारण सांगतो, म्हणजे लाज अर्धी लपणार नाही. त्याच दुपारी कट्टा गावी मला मुलगी दाखवणार होते. आधीची दोन स्थळं 'मुलगो डुकरांत काम करता' म्हणून परत गेलेली. अंगावर नवा सदरा. आत गेलो तर वास लागणार, घरी जाऊन आंघोळ करायची, मग उशीर. म्हणून गडग्यावरून हाक मारली, "मावशे, डुकरीण बरी आसा मां?"

"बरी आसा रे. सकाळीच भांडाभर पेज खाल्ल्यान. येवन् बघ."

"नको, तुझ्यावर विश्वास आसा," मी म्हटलं. केवढा मोठेपणा! विश्वास कसला, सदरा जपत होतो. मावशी खोटं बोलली नव्हती. डुकरीण खरोखरच खात होती. ताप आतल्या आत चढत होता आणि तो कळायला जी काचेची कांडी सरकारनं माझ्या हातात दिली होती, ती मी पिशवीतून काढलीच नाही. दवाखान्यात येऊन कागदावर ताप नाही, कान स्वच्छ, पोट स्वच्छ, असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. साहेब परतल्यावर त्यांनी माझी नोंद दाखल्यावर उतरवून सही केली. डुकरीण होडीत बसून पलीकडे गेली. मी मुलगी बघायला गेलो.

पुढचा आठवडा सरतो न सरतो तोच पलीकडून माणूस आला. तिथली जनावरं पटापट लोळू लागली होती. साहेब नि मी होडीनं गेलो. त्या वाडीतलं एकही डुकर वाचवता आलं नाही. लग्नाचा मांडव उभा होता आणि त्याच्या पलीकडे आम्ही खड्डे खणवत होतो. एक बाई आपल्या जनावराच्या गळ्याला मिठी मारून बसली, तिला तिच्याच भावानं ओढून बाजूला केलं. रोजामावशी बहिणीच्या दारात उभी होती. साहेबांकडे बघून एवढंच म्हणाली, "तुझो कागद होतो मां रे? तुझी सही होती मां?" साहेबांनी मान खाली घातली. मी त्यांच्या मागे चुन्याची पाटी घेऊन उभा. एक शब्द बोललो असतो तर मावशीनं त्यांच्यावर दार लावलं नसतं. मी बोललो नाही.

चौकशीला जिल्ह्याहून मोठे साहेब आले. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. "तपासणी कोणी केली?" साहेबांचा आवाज आला, "मी." "थर्मामीटर लावला होता?" "चूक माझी आहे. लिहून घ्या." मनातून, देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं होतं. साहेबांना खरं ठाऊक नाही, आपली नोंद त्यांनी खरी मानली, म्हणून ते सारं स्वतःच्या अंगावर घेतायत, अशी मी समजूत करून घेतली आणि त्या समजुतीवर जन्म काढला.

साहेबांची बढती गेली ती गेलीच. आडगावच्या दवाखान्यांतून त्यांना फिरवत ठेवलं. त्याआधी, मालवणहून बदली होईपर्यंत, ते किरिस्तांववाडीत जातच राहिले. पुढे लस आली तेव्हा घरोघर जाऊन टोचली. लोक जनावर धरून देत आणि काम झालं की आत निघून जात. रोजामावशीच्या ओट्यापुढून ते दर खेपेला हळू चालत. ती समोर असली तर पाठ फिरवी. ती गेली तेव्हा मी मातीला गेलो होतो. तिला सांगायचं राहून गेलं, असं म्हणणार होतो. राहून नाही गेलं. सांगितलं नाही.

माझं लग्न त्याच कट्ट्याच्या मुलीशी झालं. साहेब मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत निघून गेले. कुणी अडवलं नाही. बायको सोन्यासारखी निघाली. तिलाही मी हे कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली, मुलं मुंबईला. आता घरात बोलायला कुणी नाही, तेव्हा कुठे मागच्या खोलीतल्या त्या स्टोव्हपाशी बसणं म्हणजे काय असतं ते मला कळलं. उशिरा कळलं.

समितीचं पत्र आलं तसा मी उठून फोंडाघाटला गेलो. साहेब तिथे बाजारामागच्या दोन खोल्यांत राहतात. लग्न त्यांनी केलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, गडगा, सदरा, कट्ट्याची मुलगी. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बस आधी. मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पलीकडून माणूस आला त्या दिवसापासून. निघायच्या आधी मी तुझी पिशवी उघडली. थर्मामीटर आत घालण्याआधी त्याला लावायची व्हॅसलीनची डबी मी तुला नवी दिली होती. तिच्यावर बोट फिरलेलं नव्हतं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"तुला काढून टाकलं असतं. तुझ्या घरी आई होती, धाकटे दोघे होते. माझ्यामागे कोण होतं, गोविंद?" हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि चहाचं आधण ठेवायला उठले.

मी त्यांच्या खुर्चीत बसून रडलो, या वयात. ते एकटे होते म्हणून माझी चूक त्यांच्या खात्यात खपली, आणि ती खपली म्हणून ते आणखी एकटे पडले. ज्या गृहस्थानं कायद्याचं एक अक्षर कधी मोडलं नाही, त्यानं आयुष्यात एकच खोटं लिहून दिलं, ते माझ्यासाठी. निघताना म्हणाले, "हे छापू नकोस. आता कुणाला काय करायचंय?" साहेब, तुमचा शब्द मी मोडतोय. तुमच्या सांगण्याबाहेर गेल्याची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला गडग्याबाहेर राहिलो, या वेळी आत जातोय.

हा ग्रंथ बाहेर पडला की गावातले चारदोन जण माझ्याकडे येणं सोडतील. खाडीपलीकडचे तर सोडतीलच, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हा सकाळची एस्.टी. पकडून जायला मला एकच दार उरेल, ते फोंडाघाटचं. म्हणून परमेश्वराकडे तुमच्यासाठी शंभर वर्षं मागताना मी निव्वळ स्वार्थानं मागतोय. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या आणि जगा. मी काय केलं ते सगळं ठाऊक असून मला 'बस आधी' म्हणणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नाही.