फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा

लिंडाल्वाचं दुकान माझ्या खानावळीला लागून होतं. मधे अर्ध्या विटेचा आडोसा. तिच्याकडे कुठल्या गाडीवर काम चाललंय ते मला चुलीपाशी बसून कळायचं, कारण पातेल्यांवरची झाकणं थरथरायची. आमच्या भागात ज्याची ऐपत आहे तो पिकअपच्या हौद्यात स्पीकरांची भिंत उभारतो. मग घोड्यावरून शेपूट धरून बैल पाडायच्या शर्यती असल्या की सगळ्या भिंती मैदानात समोरासमोर उभ्या राहतात आणि कुणाच्या आवाजाने कुणाची छाती हलते ते बघतात.

हे काम करणारी बाई आख्ख्या टापूत ती एकटीच. नवरा साओ पावलोला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, हत्यारं तेवढी मागे राहिली. तिने ती उचलली. उंच, हाडकुळी, बोलायला तिखट. गाडी आली की आधी आवाज वाढवणारी मशीनं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, किती लावणार ते विचारायची, मग बॅटरीपासून हौद्यापर्यंत दोरी टाकून अंतर बघायची. अंतर वाढलं की तार जाड. लोक कुरकुरायचे.

‘‘अगं, एवढ्या जाड तारेने काय गाय बांधायचीय?’’

‘‘गाय सुटली तर ती पळेल. ही तापली तर तुम्हाला पळावं लागेल.’’

कुणी स्वस्तातली तार आणली तर ती चाकूने खरवडायची. वरून तांब्याचा मुलामा आणि आतून पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघालं की वेटोळं तसंच परत हातात. फ्यूजच्या बाबतीत तर ती कुणाचंच ऐकायची नाही. ‘‘फ्यूज मशीनला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तार पेलेल तेवढाच फ्यूज. आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, नाहीतर मधली तार उघड्यावर.’’

तिचा धाकटा भाऊ वाल्देसियो. दिसायला देखणा, हसरा, आईच्या गळ्यातला ताईत. त्याची भिंत तालुक्यात नावाजलेली, आणि ती बहिणीनेच बांधलेली. मागच्या मशीनांना बळ मिळावं म्हणून हौद्यात जादा बॅटऱ्या होत्या. त्या पुढच्या बॅटरीला जोडणारी तार गाडीच्या आतून, सीटखालून नेलेली होती. दोन्हीकडे बॅटऱ्या, म्हणून लिंडाल्वाने दोन्ही टोकांना फ्यूज बसवले होते.

त्या वर्षी त्याने रेसिफेहून आणखी एक मशीन आणलं आणि स्वतःच जोडलं. झालं, गाणं रंगात आलं की फ्यूज उडायला लागला. शर्यतीच्या आदल्या सकाळी तो तिच्याकडे आला. मी तेव्हा कॉफी घेऊन तिथेच उभी होते.

‘‘ताई, जरा मोठा फ्यूज दे ना.’’

तिने सीटखाली हात घालून तार चाचपली. ‘‘ही बघ, ऊन लागतेय. दोन मशीनांची तार आहे ही, तिसरं नाही पेलायची. आधी तार बदलू, मग फ्यूज.’’

‘‘मग बदल.’’

‘‘जाड तांबं रेसिफेहून येईल. पुढच्या आठवड्यात ये. उद्या तिसरं मशीन काढून ठेव, आवाज थोडा कमी.’’

‘‘थोडा कमी! मावशी, ऐकलंत?’’ तो माझ्याकडे वळून हसला. ‘‘सगळा गाव माझ्या भिंतीसाठी येतो आणि ही म्हणते थोडा कमी.’’

‘‘काढून ठेव, वाल्देसियो,’’ ती म्हणाली. त्याने बरं म्हणून मान हलवली, तिच्या गालाचा मुका घेतला आणि गेला.

शर्यतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. वाल्देसियोची बायको आउरिलेनी पाय मुरगळून बसली होती, घोट्याला प्लास्टर. जेवण झाल्यावर ती पिकअपच्या मागच्या अरुंद सीटवर आडवी झाली. धूळ नको म्हणून काचा बंद, एसी चालू. त्या गाडीला दारं दोनच. मागून बाहेर पडायचं तर पुढची सीट ढकलून निघावं लागायचं. वाल्देसियो मागे हौद्यापाशी मित्रांच्या घोळक्यात. समोरच्या गावाची भिंत जोरात होती म्हणून त्याने आवाज पार टोकाला नेला होता.

सीटच्या लोखंडी पट्टीला घासून तारेचं रबर निघालं असावं, आणि तापलेलं रबर मऊ झालेलं. तांबं लोखंडाला टेकलं. अशा वेळी फ्यूज उडतो आणि सगळं गप्प होतं. इथे काही उडालं नाही. गाणं जरा फाटल्यासारखं झालं आणि चालूच राहिलं. पोरं नाचत होती. आउरिलेनीने काच ठोकली असेल, हाका मारल्या असतील. त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? धूर शेंगा विकणाऱ्या एका बाईला आधी दिसला, तीही ओरडली, तर लोकांना वाटलं गाणं म्हणतेय.

वाल्देसियोने जळतं दार हातांनी ओढलं. दोन्ही तळहातांची कातडी त्या दाराला चिकटून राहिली. आउरिलेनीला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

गावाला कारण हवं होतं, ते लगेच सापडलं. वायरिंग लिंडाल्वाचं. मातीला आलेल्या बायका तिच्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. ‘‘बाईमाणसाने बायकांची कामं करावीत,’’ असं कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. वाल्देसियोने इस्पितळातून पोलिसांना सांगितलं की फ्यूज बहिणीने बसवला होता तसाच होता.

तपासणारा अधिकारी तिला जळक्या गाडीच्या सांगाड्यापाशी घेऊन गेला. पुढच्या बॅटरीजवळची फ्यूजची डबी वितळली होती, पण तिच्यात फ्यूजच्या जागी ठोकून चपटा केलेला तांब्याच्या नळीचा तुकडा शाबूत होता. मागच्या टोकालाही तसाच.

‘‘हे तुमचं काम?’’

‘‘मला एक दिवस द्या,’’ ती म्हणाली.

ती इस्पितळात गेली. तिची आई झुल्मिरा पलंगापाशी बसून लेकाला चमच्याने पेज भरवत होती. मी लिंडाल्वाबरोबर होते, दारात थांबले.

‘‘तुकडा कुणी घातला?’’ तिने विचारलं.

वाल्देसियो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. ‘‘एका दिवसाचा तर प्रश्न होता, ताई.’’

‘‘ती गेली ती गेली,’’ झुल्मिरा म्हणाली. ‘‘आता याला तुरुंगात घालणार तू? फ्यूज खराब निघाला म्हणून सांग. तुला कोण विचारतंय? ना लेक ना बाळ.’’

‘‘आई, तो फ्यूज तिथे नव्हताच.’’

‘‘मग तूही मला नव्हतीसच असं समजेन मी.’’

येताना वाटेत ती एवढंच म्हणाली, ‘‘मावशी, निम्म्या गावाच्या गाड्यांत असे तुकडे आहेत. मी गप्प बसले तर लोक म्हणतील, फ्यूज असूनही गाडी जळते, मग हवा कशाला?’’ दुसऱ्या दिवशी तिने सगळं लिहून दिलं.

खटला चालला. वाल्देसियोने शेवटी कबूल केलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, निष्काळजीपणा सिद्ध झालाय, पण या माणसाने स्वतःची बायको गमावलीय, हात कायमचे निकामी झालेत. याहून मोठी शिक्षा कायद्याकडे नाही. त्याला माफ केलं. आमच्याकडे कायद्यात तशी सोय आहे. कचेरीबाहेर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. झुल्मिरा गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानत होती. लिंडाल्वा पायऱ्यांवर उभी होती, लोक तिला टाळून लांबून उतरत गेले.

त्याला माफी मिळाली, तिला नाही. भावाला विकणारी, असं नाव पडलं. गिऱ्हाइकं आटली. काही जण मात्र गुपचूप गाडी आणून तुकडे काढून घेऊन गेले. येताना डोक्यावर टोपी ओढलेली, जाताना आभारही नाहीत. मी तिला जेवायला बोलावलं तर माझ्या खानावळीतले दोघे-तिघे ताट सोडून उठले. मीही मग तिचं ताट मागच्या दाराने द्यायला लागले. धीट म्हणावी अशी मी काही नाही.

दुकान आवरायला काढलं त्या दिवशी एक म्हातारी आली. आउरिलेनीची आई, लांबच्या वाडीवरून, उन्हात चालत. लिंडाल्वाने तिला खोक्यावर बसवलं.

‘‘बाई,’’ म्हातारी म्हणाली, ‘‘तू लावला होतास तो फ्यूज असता, तर माझी पोरगी राहिली असती?’’

मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलेल. कुणीही बोललं असतं.

‘‘हो,’’ लिंडाल्वा म्हणाली. ‘‘गाणं बंद पडलं असतं, तेवढंच. ती उठून बसली असती.’’

म्हातारीने पदरासारखा खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. ‘‘सगळे मला देवाची मर्जी म्हणून सांगतात,’’ ती म्हणाली. ‘‘पाद्रीबुवासुद्धा.’’ मग ती रडली, लिंडाल्वा तिचा हात धरून बसली, आणि मी दोघींसाठी कॉफी ठेवायला आत गेले.

लिंडाल्वा आता नदीकाठी पेत्रोलिनाला असते, आंब्यांच्या शीतगृहात मोटारी बघते. आई वारली तेव्हा निरोप मीच पाठवला. ती आली, दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिली आणि वाल्देसियो तिच्या समोरून खाली मान घालून गेला.