रुमालाखालचे गुण

अकोल्याचे गोविंदपंत मास्तर तापाने गेल्याची बातमी अमरावतीला कापसाच्या गाड्यांबरोबर आली. गाडीवानाने बैल सोडता सोडता ती सांगितली आणि लगेच बाजारभाव विचारला. त्या हंगामात सगळ्याच बातम्या अशा येत.

पूर्वी मी त्यांच्या शाळेत सहायक होतो. वर्षअखेरीस प्रत्येक मुलाच्या सर्व विषयांच्या गुणांची बेरीज दारावर लावायची, ही सरकारी रीत. कापूस तेजीत आला आणि त्या दारापुढे अडत्यांचे मुनीम उभे राहू लागले. वरची मुले ते पेढीवर कामाला नेत. खालच्यांना बाप गाडीवर बसवत. पंतांनी बेरीज लावणेच थांबवले. कापसाचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून होतो, तसा ते प्रत्येक बापाचा हात उपरण्याखाली घेऊन एकेका विषयाचे गुण सांगू लागले. पाच बोटे म्हणजे उत्तम.

मला ते पटले नव्हते. दारावरचे सगळ्यांना दिसते. उपरण्याखाली काय दाबले, याची खात्री कोण देणार? शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसाहेबांचेही तेच म्हणणे होते.

अकोटहून कापूस आणणारे रहीमभाई एकदा आले ते मुलाला, यासीनला, शाळेतून काढायचे ठरवूनच. दुसरी गाडी घेतली होती. बेरीज लावली असती तर यासीन खालून दुसरा. पंतांनी हिशेबाची पाच बोटे दाबली, मग वाचनाची दोन. रहीमभाईंनी बाजारच्या सवयीने उलट तीन दाबली.

"रहीमभाई, इथं घासाघीस नाही."

"दोनावर कोन सौदा करते, मास्तर? एक बोट चढवा ना!"

"ते यासीन चढवील. त्याले इथं राहू द्या."

रहीमभाई हसले, पण हात सोडेनात… "हिशेबात खरंच पाच? का मले पटवून राहिले?"

यासीन राहिला.

बेरीज दारावर लागलीच पाहिजे, असा डिपुटींचा हुकूम पंत अंथरुणावर असताना आला. ते गेल्यावर मला अमरावतीहून परत बोलावले; त्यांची जागा आता तात्पुरती माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात रहीमभाई शाळेच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मुलाचे नाव काढायलाच आले असतील, असे वाटले.

"यासीनचं वाचन?" त्यांनी विचारले.

"तीन," मी स्पष्ट सांगितले.

त्यांनी दचकून मागे पाहिले. रस्त्यापलीकडे एक मुनीम पान चघळत उभा होता.

"हळू बोला ना, मास्तर… बजार आयकून राह्यला."

बेरजेचा कागद लिहून तयार आहे. दार अजून कोरेच आहे.